खेळाडूही मीच, कोचही मीच: ॲबरडीनमधला अर्धा मोसम

आमच्या फुटबॉल क्लबचा कोच जानेवारीत नॉर्वेला गेला. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनमध्ये तेलाच्या धंद्यातली माणसं अशी अधूनमधून स्टॅव्हँगरला बदलून जातात, त्यात नवल काही नव्हतं. पण मोसम निम्मा व्हायचा होता, गुणतक्त्यात आम्ही खालून तिसरे होतो आणि जागेसाठी कुणी पुढे येईना. सरावानंतर सेक्रेटरींनी मला गाडीजवळ गाठलं. म्हणाले, "मैदानावर सगळ्यात जास्त तूच बोलतोस. मग तूच का घेत नाहीस?" मुलाखत झाली ती एवढीच.

मी मूळचा कोल्हापूरचा, तोही पेठेतला, त्यामुळे फुटबॉलचा नाद वेगळा लावून घ्यावा लागला नाही. आमच्याकडे संघ तालमींचे असतात आणि शाहू स्टेडियमवर दोन पेठांची मॅच असली की हजारोंची गर्दी आणि पोलिसांचा बंदोबस्त ठरलेला. ॲबरडीनला सबसी (समुद्रतळावरच्या यंत्रणांचं) इंजिनिअरिंग शिकायला आलो, पुढे नोकरी लागली आणि शनिवार दुपारचं काय करायचं हा प्रश्न ऑफिसमधल्या एका वेल्डिंग इन्स्पेक्टरने सोडवला. तो आमचा गोलकीपर. त्याच्याबद्दल पुढे बरंच येईल.

इथली उतरंड थोडी सांगायला हवी. टीव्हीवर दिसतं ते स्कॉटिश फुटबॉल म्हणजे चार विभागांतले 42 क्लब. त्यांच्या खाली हायलँड लीग, लोलँड लीग, त्याखाली प्रादेशिक लीगा. या सगळ्याच्या बाजूला हौशी फुटबॉलचा स्वतंत्र संसार आहे. त्याची मध्यवर्ती संघटना 1909 पासूनची, आणि तिच्या छत्राखाली जिल्ह्याजिल्ह्यांच्या संघटना शनिवार-रविवारच्या लीगा चालवतात. इथे कुणाला दमडी मिळत नाही, उलट आपणच वर्गणी भरायची. रेफरीचं मानधन, पालिकेच्या मैदानाचं भाडं, गुरुवारच्या सरावासाठी दिव्यांच्या कृत्रिम मैदानाचा एक तास, सगळं त्या वर्गणीतून. तालमीची वर्गणी गोळा करत फिरलेल्या माणसाला यात परकं वाटण्यासारखं काही नव्हतं.

आधी कागद. खेळाडू म्हणून माझी नोंदणी झालेली होती. पण भारतात नोंदणी असलेला खेळाडू दुसऱ्या देशात साधा हौशी सामना खेळणार असला तरी आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट लागतं, आणि ते येईपर्यंत मी नुसता सराव केला होता. कोच व्हायचं म्हटल्यावर दुसराच पेच निघाला. मी तेव्हा ग्रॅज्युएट व्हिसावर होतो, म्हणजे इथे शिकून झाल्यावर मिळतो त्या व्हिसावर. त्या व्हिसावर जवळपास कुठलीही नोकरी चालते, पण व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करायला बंदी आहे आणि त्या बंदीत स्पष्ट लिहिलंय: प्रशिक्षकसुद्धा. अर्धव्यावसायिक पातळीही त्यात येते. केवळ आनंदासाठी, पोटापाण्याचा हेतू न ठेवता खेळणाऱ्याला मोकळीक आहे. आमचा क्लब या मोकळिकीत अगदी आरामात बसत होता, तरी सेक्रेटरींनी देऊ केलेले पेट्रोलचे पैसे मी घेतले नाहीत. उगाच कुठल्यातरी कागदावर माझ्या नावापुढे रक्कम नको. शिवाय संघात सतरा वर्षांची दोन पोरं होती, म्हणून मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठीची तपासणी डिस्क्लोजर स्कॉटलंडकडून करून घ्यावी लागली. स्वयंसेवकाला ती फुकट असते, फक्त गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे राहिलो ते सगळे पत्ते आठवावे लागतात. हॉस्टेलच्या खोलीचा पिनकोड शोधण्यात एक संध्याकाळ गेली.

मग सेक्रेटरींनी एक भली मोठी काळी बॅग माझ्या डिकीत टाकली. आत गोलच्या जाळ्या, त्या खांबाला अडकवायच्या प्लॅस्टिकच्या कड्या (निम्म्या तुटलेल्या), कोपऱ्यातली निशाणं, हवा भरायचा पंप, प्रथमोपचाराची पेटी आणि संघाची यादी लिहायचे कोरे फॉर्म. बॅगेला ओल्या चिखलाचा आणि मलमाचा असा काही वास होता की माझ्या गाडीतून तो अजून गेलेला नाही. सेक्रेटरी सत्तरीचे. 1983 साली ॲबरडीन क्लबने गोथेनबर्गमध्ये रेआल माद्रिदला 2-1 हरवून युरोपातला कप विनर्स कप जिंकला, तेव्हा ते तिथे होते. माझी ओळख झाली त्या दिवशी मी भारतातला म्हणून त्यांनी आधी क्रिकेट काढलं. इथल्याच मॅनोफील्ड मैदानावर ब्रॅडमन 1948 च्या दौऱ्यात शेवटचं शतक ठोकून गेला, ते सांगितलं. क्रिकेटमध्ये मला रस नाही हे लक्षात आल्यावर मोहम्मद सलीमवर आले. कलकत्त्याचा सलीम 1936 मध्ये ग्लासगोच्या सेल्टिक क्लबकडून पायाला नुसत्या पट्ट्या बांधून दोन सामने खेळला होता. "तूही अनवाणी खेळतोस का?" असं त्यांनी गंभीरपणे विचारलं. मी म्हटलं, "कोल्हापुरात चालेल, तुमच्या या चिखलात नाही."

कोचिंग म्हणजे डावपेच असं मला वाटत होतं, पण माझा बहुतेक वेळ गेला तो माणसं जमवण्यात. आमच्या संघातली निम्मी माणसं समुद्रात. कुणी दोन आठवडे तेलाच्या प्लॅटफॉर्मवर आणि तीन आठवडे घरी, कुणी तीन-तीन, आणि प्रत्येकाची पाळी वेगळ्या दिवशी फिरते. उरलेल्यांत एक प्लंबर, एक शाळामास्तर, दोन विद्यार्थी आणि पीटरहेडच्या मासळीबाजारात पहाटेपासून राबून थेट मैदानावर येणारा डावा बॅक. मी एक्सेलची शीट केली. आडव्या रांगेत शनिवार, उभ्यात नावं, समुद्रात असलेला निळा, घरी असलेला हिरवा. लेफ्ट विंग आणि राइट विंग एकाच वेळी हिरवे असलेले शनिवार फारच थोडे निघाले. आधीच्या कोचचा संघ दर आठवड्याला वेगळा का दिसायचा हे तेव्हा उमगलं. मी त्याला मनातल्या मनात धरसोड्या म्हणायचो. तो बिचारा हेलिकॉप्टरच्या वेळापत्रकाने संघ निवडत होता.

शुक्रवारी रात्री फोन सुरू व्हायचे. कुणाच्या मुलीचा वाढदिवस, कुणाची सासू, कुणाचा गुडघा. इथली माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत, "बघतो, गॅफर" म्हणतात. गॅफर म्हणजे इथल्या बोलीत साहेब, कोच. हे मात्र कोल्हापूरसारखंच. 'बघतो' म्हणजे येणार नाही हे मला लहानपणापासून ठाऊक असल्यामुळे मी त्यांना सरळ लाल रंग द्यायला लागलो आणि माझे अंदाज सेक्रेटरींपेक्षा बरे निघाले.

शनिवारी हिवाळ्यात सामने लवकर लावतात, कारण डिसेंबर-जानेवारीत साडेतीन-चारला अंधार. आम्ही बऱ्याचदा हेझलहेड पार्कवर खेळायचो. जाळ्या लावायच्या, कुत्र्यांची घाण शोधून उचलायची, निशाणं रोवायची, मग कपडे बदलायचे आणि त्या गडबडीत संघाला चार शब्द सांगायचे. बर्फ पडला किंवा जमीन गोठली की सामना रद्द, आणि ते सकाळी कळायचं. जानेवारी-फेब्रुवारीत खेळलो त्यापेक्षा जास्त सामने रद्द झाले. ते सगळे एप्रिल-मेमध्ये अंगावर आले, कारण तेव्हा संध्याकाळी उजेड असतो आणि मंगळवार-गुरुवारीही सामने लावता येतात.

आता खेळाबद्दल. मी मधल्या फळीत खेळतो. माझी हौस छोट्या पासची. पासिंगचा खेळ जगाला दिला तो स्कॉटलंडनेच. 1867 चा क्वीन्स पार्क क्लब आणि त्याच्या खेळाडूंनी उभा केलेला राष्ट्रीय संघ चेंडू एकमेकांना देत खेळायचा, तेव्हा इंग्लंडवाले एकेकटे चेंडू घेऊन पळत होते. मी हे सगळं वाचून गुरुवारच्या सरावात सहाजणांचं वर्तुळ, मध्ये दोघे, एका स्पर्शात पास, असं सुरू केलं. कृत्रिम मैदानावर छान चाललं. शनिवारी हेझलहेडच्या चिखलात तोच पास चार फुटांवर मेला. आमचा सेंटर-हाफ, उंच, अबोल, बोटीवर मेकॅनिक असलेला माणूस, मध्यंतराला संत्र्याची फोड तोंडात धरून म्हणाला, "गॅफर, वारा बघ." एवढंच.

वारा ही या शहराची खरी फळी. उत्तर समुद्रावरून येतो तेव्हा आपणच मारलेली गोलकिक मागे येऊन आपल्याच कॉर्नरला गेलेली मी पाहिली आहे. नाणेफेक जिंकली तर काय निवडायचं यावर सेंटर-हाफचं एकच मत होतं: पहिल्या अर्ध्यात वाऱ्याच्या विरुद्ध खेळायचं. तेव्हा सगळ्यांचे पाय ताजे असतात, दहाजणांनी मागे उभं राहून दम धरायचा, एखादा गोल खाल्ला तरी चालेल. दुसऱ्या अर्ध्यात समोरचे थकलेले आणि वारा आपला. मी आधी उलट करत होतो. त्याचं ऐकल्यावर आम्ही जिंकायला लागलो असं म्हणणार नाही, पण चार-चार गोलांनी हरणं थांबलं.

मधल्या फळीतून कोचिंग करणं हा शुद्ध आचरटपणा आहे, हे माझं मत या अर्ध्या मोसमात पक्कं झालं. तुमच्या पाठीमागे अर्धं मैदान असतं आणि तिथे काय चाललंय ते तुम्हाला गोल झाल्यावर कळतं. चेंडू पायात असताना ओरडता येत नाही, आणि नसताना धाप लागलेली असते. ग्रॅम सूनेससारखा माणूस 1986 मध्ये ग्लासगोच्या रेंजर्सचा खेळाडू-मॅनेजर झाला, मधल्या फळीतलाच, आणि एडिनबरोत तिथल्या हिब्स क्लबविरुद्धच्या पहिल्याच लीग सामन्यात पहिल्या अर्ध्यातच लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. त्याच सुमाराला लिव्हरपूलमध्ये केनी डाल्ग्लीश हेच दुहेरी काम करत होता. त्याने त्या पहिल्या मोसमाचा बराच काळ स्वतःला संघाबाहेर ठेवलं, शेवटी परत आला आणि चेल्सीविरुद्ध विजेतेपद पक्कं करणारा गोल मारला. दोघेही स्कॉटिश, दोघेही थोर, पण खेळाडू-कोच म्हणून शहाणा कोण ते मला विचाराल तर डाल्ग्लीश.

स्वतःला बाहेर काढणं किती अवघड आहे ते करून बघावं. दुसऱ्याला काढताना बाकाकडे बघून नंबर दाखवला की झालं. स्वतःचे पाय सत्तराव्या मिनिटाला संपलेले असतात, पण वाटतं की पुढची पाच मिनिटं महत्त्वाची आहेत, मग बाहेर जाऊ. मग पुढची पाच. मार्चमध्ये एकदा पोटरीत गोळा आला म्हणून नाइलाजाने बाहेर बसलो. टचलाइनवर पाणी पीत उभा होतो आणि समोर आमचा उजवा बॅक, शाळामास्तर, बाकी तिघांच्या दोन ढांगा मागे उभा दिसला. चेंडू पुढे गेला की तिघे वर सरकायचे, हा तिथेच. त्याच्यामुळे समोरचा कुठलाही फॉरवर्ड ऑफसाइड (आमच्या मागच्या फळीपलीकडे जाऊन उभा) होतच नव्हता. किती आठवडे आम्ही लाइन्समनला शिव्या घालत होतो! तो लाइन्समन आमच्याच क्लबचा, दर सामन्यात प्रत्येक संघ आपला एक देतो. बिचारा झेंडा वर कशाला करेल? मध्यंतराला मास्तरांना विचारलं तर म्हणाले, मागे राहिलं की सुरक्षित वाटतं. पुढच्या गुरुवारी चौघांच्या कमरेला एकच दोरी बांधून सरकायचा सराव घेतला. खूप हसलो, दोनदा चौघेही पडले, पण दोरीचा उपयोग झाला.

याच शहरात डगआउटचा जन्म झाला, ही गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात डोनाल्ड कोलमन हा ॲबरडीनचा प्रशिक्षक होता, आधी त्याच क्लबकडून बॅक म्हणून खेळलेला. त्याला खेळाडूंची पावलं बघायचं वेड. पावलं नीट दिसावीत आणि टिपणवही पावसात भिजू नये म्हणून त्याने पिटोड्री मैदानाच्या कडेला जमिनीत खड्डा करून वर छप्पर घातलं. एव्हर्टनवाले पाहुणे आले, त्यांनी ते पाहिलं आणि कल्पना इंग्लंडमध्ये नेली. खेळून झालेला माणूस बघण्यासाठी जमिनीत उतरला, आणि मी मात्र मैदानाच्या मध्यावर उभा राहून सगळं दिसतं म्हणत होतो.

सगळ्यात नको ते काम सेंटर-फॉरवर्डला संघातून काढण्याचं. चाळिशीला टेकलेला, आयुष्यभर याच क्लबचा. त्याचे वडील दर सामन्याला थर्मास घेऊन टचलाइनवर हजर, आणि क्लबच्या जर्सी धुवायचं कामही त्यांच्याच घरी. सतरा वर्षांच्या पोरांपैकी एक त्याच्या दुप्पट वेगाने धावत होता. दोन आठवडे टाळलं. तिसऱ्या शनिवारी कपडे बदलायच्या खोलीत संघ वाचून दाखवण्याआधी त्याला बाहेर बोलावलं. बाहेर भुरभुर पाऊस. मी पोरांना संधी, पुढचा विचार, असं काहीबाही बोलत होतो. त्याने बुटाची लेस बांधता बांधता ऐकलं आणि म्हणाला, "वेग हवाय म्हण ना सरळ." म्हटलं, "वेग हवाय." तो म्हणाला, "बरं," आणि आत जाऊन पोराला त्यांच्या सेंटर-हाफला कुठल्या बाजूने वळायला जमत नाही ते सांगत बसला. त्याच्याकडून काही त्रास झाला नाही. वडिलांनी मात्र महिनाभर मला चहा दिला नाही. थर्मास घेऊन माझ्यासमोरून जायचे, शेजारच्या लाइन्समनला कप द्यायचे, परत जायचे. जर्सी तेवढ्या स्वच्छ धुऊन आणायचे, माझीसुद्धा.

आणि गोलकीपर. तो खेळभर बोलायचा. डावीकडे ये, मागे बघ, बाहेर चल. मी मधल्या फळीतून ओरडायचो, तो मागून, आणि पोरांना दोन्ही ऐकू यायचं. एप्रिलच्या एका मंगळवारी संध्याकाळी सामना होता. आमचे तिघे त्या दुपारी प्लॅटफॉर्मवरून डाइसच्या विमानतळावर उतरणार होते. सकाळपासून समुद्रावरून दाट धुकं आत सरकलं, हेलिकॉप्टरं थांबली. तीन वाजता मेसेज आला: अजून समुद्रातच. एकाला कामावरून सुट्टी मिळाली नाही, एकजण 'बघतो' म्हणालेला. सहा वाजता आम्ही नऊ. नियमाने सात असले तरी सामना होतो, सातच्या खाली गेलं तर नाही. रेफरीने मध्यावर उभं राहून दोन्ही गोल दिसतात का ते पाहिलं, खांदे उडवले आणि शिट्टी वाजवली.

चारजण मागे, तीन मध्ये, पुढे ते एक पोर. आम्ही आमच्याच पेनल्टी क्षेत्राभोवती उभे राहिलो, कारण दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता. धुक्यात मला फार पुढचं काही दिसत नव्हतं, त्यामुळे मी गप्प झालो. ओरडायला काही हाताशीच नव्हतं. फक्त मागून आवाज येत होता. नाव, मग दिशा. नाव, मग दिशा. आम्ही आठजण त्याच्यासमोर वीस-तीस पावलांत होतो आणि त्याला आमच्या सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. मला "उजवीकडे" म्हटलं की मी उजवीकडे, आणि तिथे खरंच माणूस मोकळा सापडायचा. त्यांनी एका कॉर्नरवर गोल केला. शेवटाकडे आमच्या पोराच्या मागे धावताना त्यांच्या बॅकने चेंडू स्वतःच्याच जाळीत लोटला. 1-1. नऊजणांनी. फॉरवर्डचे वडील थर्मास घेऊन आले आणि पहिला कप मला दिला.

त्या रात्री पबमध्ये मी सेक्रेटरींना म्हणालो, "हे काम त्याच्याकडे द्या. तो गोलमधून करतोच आहे." सेक्रेटरींनी आधी नकार दिला, मोसमाच्या मध्ये दोनदा कोच बदलला तर लोक काय म्हणतील ही त्यांची काळजी. कोण लोक, ते मी विचारलं नाही. आमच्या सामन्याला वीसेक माणसं आणि काही कुत्री असतात. शेवटी गोलकीपरनेच प्रश्न सोडवला. त्याचा खांदा बरेच दिवस दुखत होता, मोसम संपला की ग्लोव्हज ठेवणारच होतो, म्हणाला. फक्त एक अट, बॅग तुझ्याच गाडीत राहील.

पुढच्या शनिवारी त्याने पहिली यादी वाचली. मधल्या फळीत दुसरा विद्यार्थी, मी बदली खेळाडूंत. कारण विचारायची सोय नव्हती, म्हणून मीच म्हटलं, "वेग हवाय?" तो म्हणाला, "नाही. शांतता."

पासष्टाव्या मिनिटाला मला आत घातलं. पहिल्याच थ्रो-इनला सवयीने हात वर करून डाव्या बॅकला काहीतरी सांगायला गेलो, तर मागून गोलमधून माझं नाव आलं, मग दिशा. गेलो तिकडे. सामना 2-1 ने हरलो, पण दुसरा गोल ऑफसाइड होता यावर आमच्या लाइन्समनचा आजही ठाम विश्वास आहे, आणि मास्तर त्या वेळी अगदी रेषेत होते हे मी शपथेवर सांगतो.